पुडीचं वजन

मोती चौकातल्या आमच्या दुकानात
चहाला नाव नसतं, नंबर असतो.
सातशे सहा म्हणजे दाणेदार, रंगाला भारी.
चारशे बारा नुसती धूळ, पण कडक,
टपरीवाले तीच मागतात.
दोन्हीत मूठभर लांब पत्ती, वासापुरती.
हे मिश्रण मामंजींचं, त्यांच्यामागं माझं.
साताऱ्यात म्हणतात, हिच्या हाताला चव आहे.
हात कोपरापर्यंत तपकिरी असतो,
एवढं खरं.

गेल्या आश्विनात पोतं उसवताना
पत्तीत एक चिठ्ठी निघाली,
बोटभर, चौघडी घातलेली.
अक्षरं वरच्या रेघेला लटकलेली, आपल्यासारखीच,
पण एक लागेल तर शपथ.
आकडे तेवढे ओळखीचे वाटले:
अठ्ठावीस. खाली वजा तीन.
मग रेघ, आणि एकोणतीस.
मी हसले. म्हटलं, कोण हा कारकून,
वजाबाकीत वाढवणारा!

अपशिंग्याचे सुभेदार निकम
महिन्याला अर्धा किलो नेतात.
नोकरीतली नऊ वर्षं त्यांची आसामात गेली.
चष्मा कपाळावर सरकवून चिठ्ठी लांब धरली.
"अहो, चार तिकडं इंग्रजी आठासारखा काढतात,
आणि एक आपल्या नवासारखा.
चोवीस वजा तीन, एकवीस.
हिशेब बरोबर आहे."
मग नाव वाचलं, थांबत थांबत:
सुकुरमणी ओरांग.
"दिवसाची तोडणी तिची. चोवीस किलो पानं.
दोन किलो पानांवरच्या पाण्याचे कापलेत,
एक टोपलीचा."
"पाऊस नसला तरी?"
"पाणी कापायला," चिठ्ठी परत देत ते म्हणाले,
"पाऊस कशाला लागतो?"

मंगळवारी पुण्याहून खानविलकर आले.
नवी पाकिटं, कोपऱ्यात हिरवं पान, भोवती गोल शिक्का.
"जबाबदार चहा, वहिनी.
किलोमागं अठरा रुपये जादा,
पण शहरात लोक पान बघून घेतात."
मी चिठ्ठी पुढं केली.
त्यांनी ती उजेडात धरली,
पाचशेची नोट धरतात तशी.
"कुठल्या मळ्याची कोण जाणे.
लिलावात सगळी पोती सारखीच."
विचारलं, अठरातले हिला किती?
त्यांनी फोन कानाला लावला.
वाजला नव्हता.

त्यांना मी मनात दुपारभर सुनावत होते.
चांगली वाक्यं सुचत होती,
मोठ्यानं म्हणावीत अशी.
तेवढ्यात शनिवार पेठेतली एक मुलगी आली,
पाव किलो, सातशे सहा.
पुडी काट्यावर ठेवली, पत्ती ओतली,
अडीचशेला आकडा थांबला.
आणि माझा हातही.

पुडी जाड कागदाची, आतून मेणाची.
रिकामी ठेवून बघितली: सहा ग्रॅम.
मामंजी म्हणायचे, पुडी काय फुकट येते?
दिवसाला ऐंशी पुड्या, सणाला दीडशे,
अकरा वर्षं.
गुणाकार मी निम्म्यात सोडला.
बांबूची टोपली असेलही किलोची,
मी कुठं पाहिली आहे.
त्यांनी टोपली न चुकता कापली.
मी पुडी कधीच कापली नव्हती.

आता आधी रिकामी पुडी ठेवते,
बटण दाबते, शून्य येतं, मग चहा.
कुणाच्या लक्षात आलेलं नाही.
नाही म्हणायला टपरीवाला भोसेकर म्हणाला,
"पुडी फुगलेली दिसती, माल जुना काय?"
खानविलकरांची पाच पाकिटं घेतली,
वरच्या फळीवर आहेत.
चिठ्ठी गल्ल्यावरच्या काचेखाली आहे.
गिऱ्हाइकं तिच्यावर सुटे पैसे ठेवतात.

सुकुरमणीचे दोन किलो राहिलेच.
ते माझ्या काट्यावर येत नाहीत.
पाण्याचे ते.
पहाटे आधण ठेवताना
पातेल्यात तांब्या रिकामा होतो,
आणि मी उगाच उभी राहते,
ओतलेलं पाणी कुणाचं
हे आठवल्यासारखी.